अवसेची सुकती

सॅं-मालो नावाच्या फ्रान्समधल्या गावासमोर, भर समुद्रात, एका खडकाळ बेटावर ओल्या पँटीत बसून मी एका माणसाला जितक्या शिव्या दिल्या, तितक्या आयुष्यात कुणालाही दिलेल्या नाहीत. आणि मी पुण्याचा आहे, शिव्या तोलूनमापून देणारा. शेजारी बायको रडत होती, अकरा वर्षांची मुलगी थंडीने कुडकुडत होती. ज्याच्या भरवशावर आम्ही तिथे गेलो होतो तो इसम त्या वेळी कुवेतमध्ये, महबूलाच्या आपल्या खोलीत एसी लावून चहा पीत बसला असणार, या विचाराने माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

तो इसम म्हणजे तांडेल. खरं नाव वेगळं होतं, पण कुवेतच्या आमच्या साइटवर सगळे त्याला तांडेलच म्हणायचे. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. याने मालवणकडे ऐन विशीत दोन वर्षं काकाच्या होडीवर काढली होती, मग कुवेत गाठलं आणि पस्तीस वर्षं स्कॅफोल्डिंग केलं. रिफायनरीत परांच्या उभारणाऱ्या टोळीचा फोरमन. होडी सुटली, नाव चिकटलं. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला ‘अहो तांडेल’ म्हणायचो, पण आता सांगताना ‘तो’च येतं तोंडात. रागात अहोजाहो जमत नाही मला.

महबूलात एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाच बॅचलर मिळून राहायचे, त्यात हा. बॅचलर म्हणजे लग्न न झालेले नव्हेत. बायको गावी ठेवून आलेले. त्याच्या खाटेच्या एका बाजूला तिथी दाखवणारं कॅलेंडर आणि दुसऱ्या बाजूला जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेला नकाशा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, सिंधुदुर्ग असेल.

“कोकण का हो?” मी विचारलं.

“नाय सायबानू. ब्रिटनी.”

“कुठे आलं हे?”

“फ्रान्सात. पण फ्रान्स न्हय ता. तुमी पुण्याक कोकण म्हणशात काय? तसाच.”

हे वेड त्याला एका वेल्डिंग इन्स्पेक्टरने लावून दिलं होतं. ब्रिटनीचा एक लालबुंद म्हातारा दोन वर्षं आमच्या साइटवर होता. दुपारच्या सुट्टीत कंटेनरच्या सावलीत हे दोघं डबे उघडून बसायचे. त्याचं इंग्रजी मोडकं, याचं त्याहून मोडकं, तरी तासभर बोलणं चालायचं. त्याने याला सांगितलं की आमचे पूर्वज केल्ट, आमची भाषा वेगळी, आणि माझी आजी शाळेत ती भाषा बोलली म्हणून तिच्या गळ्यात लाकडी खडाव बांधून तिला दिवसभर उभं केलं होतं. हे ऐकल्यावर तांडेल म्हणे दोन दिवस जेवला नाही नीट. याच्या शाळेतल्या मास्तरांनी, “तो मालवणी गावठीपणा घरी ठेवून ये,” म्हणून याला बाकावर उभं केलं होतं. मास्तर पुण्याचे होते, हे तो मला न चुकता सांगायचा.

“मग आता काय मी माफी मागू?” मी एकदा वैतागून म्हटलं.

“तुमी कित्या? तुमी बाकार उभा करणत नाय. तुमी नुसते हसतास.”

असं बोलायचा. पुन्हा चेहऱ्यावर काही नाही. भांडायला धड जागा द्यायचा नाही, याचाच मला संताप यायचा.

इन्स्पेक्टर परत गेला, याचं वेड राहिलं. शुक्रवारी सकाळी तो घावन काढायचा, पण तांदळाचे नाही. भारतीय किराण्यातून उपासाचं कुट्टूचं पीठ आणायचा आणि बिडाच्या तव्यावर हे मोठे काळपट घावन घालायचा. “हेच खातत थंय,” म्हणून सगळ्यांच्या ताटात वाढायचा. एकजण कुरकुरला, की तांडेल, शुक्रवारचा उपास आहे का आपला? तर त्याचं ताट उचललं. मोबाइलवर तिकडचं एक वाद्य लावून तो सगळ्यांना ऐकवायचा, अगदी सनईसारखं. “लग्नात वाजयतत. आता सांगा कोण कोणाचो पावणो!”

घावन झाले की समुद्रावर. इंचांच्या खुणा केलेली एक काठी होती त्याच्याकडे, ती पाण्यात रोवून तो वहीत आकडे लिहायचा. एकदा पोलिसाने हटकलं, बताका म्हणजे ओळखपत्र मागितलं, आणि काठीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? हा मोडक्या अरबीत म्हणाला, “समुद्राचो ताप बघतंय.” पोलीस हसून गेला. आम्ही दोन दिवस साइटवर तेच बोलून हसत होतो.

भरतीच्या बाबतीत मात्र त्याचा हिशेब तोंडपाठ होता. कोकणात मासेमारी करणारे तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असली तर तीन वाजता पूर्ण भरती. अवसेला आणि पुनवेला बाराच्या सुमाराला. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी संपून समुद्र सगळ्यात आत गेलेला. कॅलेंडरवर नजर टाकायची की सांगून मोकळा. त्या इन्स्पेक्टरने त्याला सांगितलं होतं की सॅं-मालोला पाणी चार मजले चढतं आणि चार मजले उतरतं. होड्या चिखलात बसतात, आणि समोरच्या बेटावर लोक चालत जातात. तांडेलला तेवढंच बघायचं होतं. आयफेल टॉवर नको, स्वित्झर्लंड नको.

“स्वित्झर्लंडाक दर्या आसा?” तो माझ्या बायकोला विचारायचा. नाही म्हटलं की, “मग जातास कित्याक?”

माझी मुलगी मराठी समजते आणि उत्तरं इंग्रजीत देते. घरात यावरून रोज माझी चिडचिड. तांडेल आला की तो तिच्याशी शुद्ध मालवणीत बोलायचा, ती फाडफाड इंग्रजीत, आणि दोघांचं उत्तम जमायचं. तिला त्याने ब्रिटनीची गावं पाठ करून घेतली होती. रेन, कॅंपेर, ब्रेस्त, वान, कोंकार्नो, सॅं-मालो. शाळेच्या कविता पाठ होत नाहीत कार्टीच्या, पण ही गावं घडाघडा.

आता मूळ मुद्दा. त्याला जायचं होतं, आणि साठीच्या आत जायचं होतं. साठीनंतर डिग्री नसलेल्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आमची कंपनी पुढे वाढवत नाही. इकामा गेला की गाशा गुंडाळून गावी. आणि गावी गेलेला स्कॅफोल्डर ब्रिटनीला कसला जातोय? पगार बंद, व्हिसासाठी मुंबईचे खेटे, वर बायको म्हणणार, आधी घराची कौलं बघा. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

आणि साइटवरच्या माणसाच्या रजेचा अर्ज आमच्याकडे आधी प्लॅनिंगच्या टेबलावर येतो. प्लॅनिंग म्हणजे मी. मी सही केली तर पुढे सरकतो. हल्ली तर देशाबाहेर पाऊल टाकायला कंपनीची ऑनलाइन परवानगी लागते, तीही त्या सहीवरच.

त्याचे तीन अर्ज माझ्याकडे आले होते. दहा-दहा दिवसांचे. तिन्हींवर मी एकच शेरा मारला: शटडाऊननंतर. शटडाऊन म्हणजे रिफायनरीचं एखादं युनिट बंद करून दुरुस्त करायचं. त्यात परांची उभी राहिल्याशिवाय कुणी वर चढू शकत नाही. त्यामुळे तांडेल सगळ्यात आधी येणार आणि परांच्या उतरवून सगळ्यात शेवटी जाणार. कारण खोटं नव्हतं. पण एक शटडाऊन संपला की दुसरा लागतो, हे शेरा मारणाऱ्यालाही माहीत असतं. दुसऱ्या वेळी तर त्याच्या पासपोर्टात व्हिसा छापून आलेला होता. तो तसाच वाळून गेला. मी म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की.” तो म्हणाला, “होय सायबानू.”

तिसऱ्या अर्जानंतर तो घरी आला आणि त्याने एक वही माझ्या बायकोपुढे ठेवली. “वैनीनू, तुमी सुट्टीक पॅरिसाक जातास ना? मग आठ दिस हंय जावा. मी सगळा लिवलंय.”

मी वही चाळली आणि वैतागलो. प्रत्येक गाव, प्रत्येक दिवस, कुठल्या गाडीने जायचं, कुठल्या चौकात वळायचं. मोबाइलवर त्या गल्ल्यांचे फोटो बघून बघून त्याने त्या गल्ल्या पाठ केल्या होत्या. जाण्यात मला काडीचाही रस नव्हता. पण मुलीने वही छातीशी धरली आणि विषय संपला.

आणि डोकं फिरावं असं काय, तर वहीतलं सगळं खरं निघालं. रेनला शनिवारचा बाजार त्याने लिहिला तिथेच भरला होता. लाकडी पट्ट्यांची वाकडी घरं त्याने लिहिली त्याच वळणावर. कॅंपेरच्या चर्चचे दोन मनोरे नदीवरच्या त्याच पुलावरून दिसले. कोंकार्नोला समुद्रात तटबंदीचं छोटं गाव. वहीत लिहिलं होतं, ‘सिंधुदुर्ग आठवता काय बघा.’ माझी बायको म्हणाली, “अहो, आठवला हो.” कुट्टूचा घावनही खाल्ला आम्ही, वर अंडं फोडलेला. मुलगी पाटीवर हात ठेवून गावांची नावं वाचायची आणि मला म्हणायची, “बाबा, ही वॉज राइट अगेन!” प्रत्येक वेळी मला चिमटा बसायचा. इथे तो हवा होता, हे मला न कळण्याइतका मी मूर्ख नाही. पण सुट्टीवर गेल्यावर कोण स्वतःला सुनावून घेतं? मी तिला म्हटलं, “चल, फोटो काढ.”

सॅं-मालो शेवटी. त्या दिवशी अमावास्या. तांडेलने मुद्दाम तो दिवस धरला होता, अवसेचं उधाण म्हणून. वहीत लिहिलं होतं: ‘अवस. बाराक पूर्ण भरती. सांजचे सहा, पूर्ण सुकती. पाचाक बेटार जावा, सातपर्यंत बिनघोर. पाणी कसा उतारता ता बघा आणि माका सांगा.’

पाचला आम्ही गावाभोवतीच्या तटाखाली उतरलो. वाळूतून बेटाकडे दगडी वाट गेलेली होती, कोरडी. वाटेच्या तोंडाशी एक पाटी होती, त्यावर आकडे आणि वेळा. बायको थांबून वाचायला लागली.

“अहो, इथे काहीतरी इशारा लिहिलाय.”

“अगं, तांडेलचं आत्तापर्यंत काही चुकलंय का? चल.”

हे मी म्हटलं. मीच. पाटी इंग्रजीतही होती.

बेटावरून दृश्य फार छान होतं, कशाला खोटं बोलू. पण इतर माणसं भराभर परत निघालेली मला दिसली नाहीत, कारण मी वहीत लिहिलंय म्हणून पाणी उतरायची वाट बघत होतो. पावणेसहाला मुलगी म्हणाली, “बाबा, इट्स कमिंग इन.” मी म्हटलं, “नाही गं, उतरतंय.” ते उतरत नव्हतं. आम्ही वाटेवर पोचलो तेव्हा घोट्याएवढं होतं. अर्ध्यात गुडघ्यांवर आलं. दोन्ही बाजूंनी ओढ. शेवाळावरून मुलीचा पाय सटकला आणि ती पाण्यात आडवी झाली; तिचं मनगट माझ्या हातातून निसटलं आणि परत सापडलं. मधला तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. मग तिला खांद्यावर टाकून उलटे फिरलो आणि बेटावर येऊन बसलो. तटावरून कुणीतरी आमच्याकडे बघून हात हलवत होतं.

तासाभराने बोट आली. बोटीवर एक पिळदार बाई होती. तिने मुलीला घोंगडीत गुंडाळलं आणि मला इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला वाचता येतं का?” दोन डिग्र्या आहेत मला.

कुवेतला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी सकाळी मी महबूला गाठलं. तांडेल तव्यासमोर उभा होता, बाकीचे चौघे ताटं घेऊन बसलेले. दारातूनच सुरू झालो मी.

“तुम्ही स्वतःला समजता कोण? आयुष्यात कधी त्या गावात पाऊल टाकलं नाहीत, आणि लोकांच्या पोरींना समुद्रात पाठवता? मोबाइलवर फोटो बघितले म्हणजे तांडेल झालात? माझी मुलगी गेली असती! कळतंय का? गेली असती ती!”

त्याने गॅस बंद केला.

“चेडू बरा आसा?”

“आहे. तुमच्या कृपेने नव्हे.”

“पाणी किती वाजता चढला?”

इतका संताप आला मला! मी मुलीचं बोलतोय आणि याला पाण्याची वेळ हवी! पण उत्तर दिलं. म्हटलं, पावणेसहाला वाट बुडाली, बोटवाली बाई म्हणाली पूर्ण भरती आठ-साडेआठला. तो खाटेवर बसला. कॅलेंडर बघितलं, बोटं मोजली, पुन्हा मोजली.

“म्हणजे थंयचो दर्या अवसेक बाराक भरणा नाय,” तो हळूच म्हणाला. “आठाक भरता. सुकती दोन-तीनाक. मी मालवणचो दर्या थंय नेवन ठेवलंय. दरेक किनाऱ्याची येळ वेगळी, ह्या माका समजाक व्हया होता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “पयल्याच दिवशी समाजला असता. नुसतो काठार उभो रवलो असतंय तरी.”

बस्स, इतकंच. माझं नाव नाही, अर्जांचं नाव नाही. मी तिथे भांडायला गेलो होतो. त्याने एकदा जरी म्हटलं असतं की तुम्ही सोडलं नाहीत मला, तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो आणि मोकळा झालो असतो. तेवढंही दिलं नाही त्याने. मी जिना उतरताना पुन्हा शिव्याच देत होतो.

संध्याकाळी तो घरी आला. माझ्याशी नाही, मुलीपुढे उभा राहिला आणि स्वतःचे दोन्ही कान धरले. “चुकलंय गो बाय.”

ती हसली. तिला एव्हाना त्या प्रसंगाची मजा वाटायला लागली होती. शाळेत सांगायला गोष्ट मिळाली होती. मग तिने सरळ विचारलं, “बट व्हाय डिडन्ट यू जस्ट गो युवरसेल्फ, अंकल?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

“शटडाऊन होतो गो,” तांडेल म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याचा चौथा अर्ज माझ्या टेबलावर आला. दहा दिवस, सप्टेंबर अखेरीचे. त्या सुमाराला वर्षातलं मोठं उधाण असतं, हे त्याने तोंडी सांगितलं. साठी डिसेंबरात होती. खाली त्याने, कधी नव्हे ते, आपल्या हाताने एक ओळ लिहिली होती: ‘हा शेवटचा.’

आता खरं सांगतो. त्या सप्टेंबरात शटडाऊन होता, पण छोटा. त्याच्या हाताखालचा केरळी फोरमन ते काम झोपेत करू शकला असता. मी प्लॅन उघडून बघितलाही होता. दहा दिवस सहज निघत होते. सही करायला पेन उचललं, आणि मला ती बाई आठवली. वाचता येतं का तुम्हाला? मुलीचं निसटलेलं मनगट आठवलं. पाटी मी वाचली नव्हती, तरी राग त्याच्यावरच येत होता. म्हटलं, बस आता. तुझ्यामुळे मी तिथे बसलो, तू इथे बस. आणि त्या चौथ्या अर्जावर मी लिहिलं: शटडाऊननंतर.

कुणी मला विचारलं नाही. विचारणारच नव्हतं. प्लॅनिंगचा शेरा असला की मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजरसुद्धा पुढे बघत नाही. तांडेलने कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि हेल्मेट चढवून साइटवर गेला. “होय सायबानू,” तेवढंही या वेळी म्हणाला नाही.

परवा बायको म्हणाली, त्यांना बोलावून घेऊ या ना पुढच्या वर्षी आपल्याबरोबर, आपण तिकीट काढू. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, त्या माणसाला तिकीट हवं होतं का कधी? तिकिटाचे पैसे त्याने तीनदा भरले होते स्वतःचे. तिला चौथ्या अर्जाचं माहीत नाही. मुलीलाही नाही. तांडेल आता गावी आहे, मुलीचा फोन घेतो, माझा घेत नाही. आणि गंमत बघा, त्यावरही मी चिडतो.

जायच्या आधी त्याने ती वही मागून नेली आणि मग मुलीलाच देऊन टाकली. सॅं-मालोचं पान खोडून नव्याने लिहिलं होतं: ‘अवस आणि पुनव. भरती आठ. सुकती दोन-तीन. बेटार एकाक जावा, चाराच्या आत मागे फिरा. पयली पाटी वाचा.’ खाली कंसात: ‘मी बघूक नाय. इचारून लिवलंय.’

डिसेंबरात त्याचा इकामा संपायच्या तीन आठवडे आधी कायमचं देश सोडण्याचा कागद माझ्याकडे आला. फायनल एक्झिट. तोही आधी प्लॅनिंगच्याच टेबलावरून जातो. त्या महिन्यात शटडाऊन होता, त्या वर्षातला सगळ्यात मोठा, आणि तांडेलशिवाय आमचे हाल होणार होते, तरी मी तो कागद अडवला नाही. नियमच आहे तसा, अडवता येत नाही. तांडेल टेबलासमोर उभा होता. मी त्याच्याकडे न बघता सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्याचा एकच कागद मी आल्या दिवशी सही करून दिला, तो हा.